रोज मोजले जाणारे गाव

माणसे मोजणे हा माझ्या उदरनिर्वाहाचा धंदा आहे. लग्नाच्या बोलणीत हे वाक्य मी प्रथम उच्चारले तेव्हा भावी सासऱ्यांना ती थट्टा वाटली होती. पुढे त्यांनी चौकशी केली. केंद्र सरकारचे जनगणना नावाचे एक खाते आहे, त्याची कचेरी बंगळुरात कोरमंगलाच्या केंद्रीय सदनात आहे आणि तेथील उच्च श्रेणी लिपिकाला दरमहा नियमित पगार मिळतो, एवढी खात्री पटल्यावर त्यांनी मुलगी दिली. ती शिक्षिका आहे. तिची शाळा सांगली जिल्ह्यात आणि माझी कचेरी येथे. त्यामुळे लग्नाला सात वर्षे झाली तरी आमचा संसार दोन राज्यांत विभागलेला आहे. या अंकाच्या वाचकांना ही स्थिती फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. बदलीच्या माणसाचे घर कोठे असते, या प्रश्नाला आपण सर्वजण थोडे अडखळूनच उत्तर देतो.

आमच्या खात्याला मात्र अडखळून चालत नाही. तेथे प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरलेली असते. ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या मी इतक्यांदा वाचली, तपासली आणि टंकलिखित केली आहे की ती मला स्तोत्रासारखी पाठ आहे. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच चुलीवर शिजलेले अन्न खातात, ते कुटुंब. रक्ताचे नाते पाहिजे असे नाही, लग्नाचे पाहिजे असेही नाही. पाहिजे ती चूल. कानडीत चुलीला ‘ओले’ म्हणतात. आमच्या मराठी कानाला तो शब्द ऐकून चूल विझल्याचाच भास होतो. पण व्याख्या तीच.

या व्याख्येप्रमाणे माझे कुटुंब असे आहे: कटकचा एक ओडिया सहकारी, नेल्लूरचा एक तेलुगू सहकारी आणि मी. आम्ही तिघे एका भाड्याच्या घरात राहतो, पाळीपाळीने भात लावतो आणि आमटीत चिंच किती घालावी यावरून भांडतो. कागदावर आम्ही एक कुटुंब आहोत. माझी पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी हे दुसरे कुटुंब. त्यांची नोंद दुसरीकडे व्हायची. याविषयी तक्रार करावी असे त्यात काही नाही. गणना करायची तर माणूस जेथे जेवतो तेथेच तो मोजला पाहिजे, हे मला पूर्णपणे मान्य आहे.

व्याख्येला एक पुस्तीही आहे. एकमेकांशी नाते नसलेली माणसे एखाद्या संस्थेत राहत असतील आणि सामायिक मुदपाकखान्यात जेवत असतील, तर ते ‘संस्थात्मक कुटुंब’. वसतिगृहे, आश्रम, अनाथालये आणि तुरुंग ही त्याची नेहमीची उदाहरणे. एके दिवशी दुपारी हे कलम तपासताना माझी लेखणी ‘तुरुंग’ या शब्दावर थांबली. तुरुंग आहे, पण मुदपाकखाना सामायिक नाही. बंदी आहे, पण त्याची बायकामुले त्याच्याजवळ आहेत आणि त्यांची चूल निराळी आहे, अशा ठिकाणाचे काय? शेजारच्या टेबलावरील गृहस्थांना मी विचारले. ते हसून म्हणाले, “असा तुरुंग तुम्ही कोठे पाहिला?”

मी पाहिला होता. मी लहानाचा मोठा झालो त्या माळावर, आटपाडीजवळ तो आहे. त्याचे नाव स्वतंत्रपूर.

आमच्या भागाला माणदेश म्हणतात. सह्याद्रीने पश्चिमेचा पाऊस आपल्याकडे ठेवून घेतल्यावर जे काही उरते त्यावर हा मुलूख जगतो. माणगंगा ही आमची नदी; वर्षातील बहुतेक दिवस ती वाळूचीच नदी असते. चहूकडे उघडा, लांबच लांब पसरलेला माळ, त्यावर कुसळी गवत, एखादी बाभळ, क्षितिजाशी मेंढरांचा एक ठिपका. अमेरिकेतल्या प्रेअरीची वर्णने पुढे वाचनात आली तेव्हा मला ती परकी वाटली नाहीत. तेथे १८६२च्या कायद्याने सरकारने माणशी १६० एकर माळ देऊ केला; पाच वर्षे राहा, कसा, मग जमीन तुमची. लोक गेले, गावे वसली, आणि त्यांपैकी कित्येक गावे पुढे दर गणनेला थोडी थोडी ओसरत गेली. माणदेशाची तऱ्हाही काही वेगळी नाही. जमीन तीच राहिली, माणसे निघत गेली. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी खानापूर-आटपाडीकडच्या रिवाजाप्रमाणे सोन्याचांदीची गलाई करण्यासाठी देशभर पांगले. येथे बंगळुरातही सराफांच्या गल्ल्यांत आटणी लावून बसलेली आमच्याकडची माणसे भेटतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलले की भट्टीच्या धगीतसुद्धा बाजरीच्या भाकरीचा वास येतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तीत दुष्काळाने एक वाडी कशी रिकामी होते हे आहे. ते पुस्तक आमच्या घरात वाङ्मय म्हणून कोणी वाचले नाही. आजोबा ते बातमीपत्रासारखे वाचत आणि मध्येच म्हणत, “हे खरं हाय.”

अशा ओसरत्या माळावर एक गाव मुद्दाम वसवले गेले, आणि तेही खुनाची शिक्षा झालेल्या माणसांचे.

त्या काळी आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान लहान, ७२ गावांचे, आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे, आणि गुणदाळचा भाग तर पार विजापूरकडे, कानडी मुलखात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, संग्राहक आणि सूर्यनमस्काराचे निस्सीम प्रचारक होते. नोव्हेंबर १९३८मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. जानेवारी १९३९मध्ये त्याची घटना अमलात आली. गांधीजींनी त्या घटनेत जातीने लक्ष घातले होते. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता, आणि मत द्यायचे तर लिहितावाचता आले पाहिजे असा गांधीजींचा आग्रह होता. एवढ्या मोठ्या देशात एवढ्याशा संस्थानाने हे केले. त्याची थट्टाही पुष्कळ झाली असावी. पण आमच्याकडील म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ‘औंधचं राज्य’ हा शब्द मी सदैव आदरानेच उच्चारलेला ऐकला आहे.

आता बंगळुरचा संबंध. मी येथे आलो त्यानंतर कित्येक वर्षे माझी अशी समजूत होती की या शहराचा आणि माझ्या माळाचा काडीचाही संबंध नाही. येथील झाडे, येथील पाऊस, येथील चार वाजताची कॉफी, सारे सुखद. पण माझे नव्हे. म्हैसूर रस्त्याने जाताना एक जुना सरकारी कारखाना लागतो. कविका या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. विजेचे ट्रान्सफॉर्मर तेथे तयार होतात. म्हैसूर संस्थानाने १९३०च्या दशकात सुरू केलेला हा विद्युत कारखाना. त्याच्यावरून मी बसने असंख्य वेळा गेलो असेन. एका रविवारी ग्रंथालयात आप्पासाहेब पंतांचे औंधच्या प्रयोगावरील इंग्रजी पुस्तक हाती लागले. आप्पासाहेब हे भवानरावांचे चिरंजीव, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झालेले. त्या पुस्तकाने मला खुर्चीतच उभे केले म्हणा ना! औंधची घटना घडवण्यात ज्याचा मोठा वाटा, स्वतंत्रपूर ही ज्याची कल्पना, तो मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा ज्यू अभियंता. आणि औंधला जाण्यापूर्वी तो होता कोठे? तर दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून बंगळुरात, सरकारी विद्युत कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून!

वॉर्सात जन्मलेला, फ्रान्समध्ये नोकरी केलेला हा मनुष्य भगवी कफनी घालून कारखान्यात जात असे. संन्यास घेतल्यावर त्याचे नाव भारतानंद झाले. गांधीजींच्या आश्रमात त्याने धनुष-तकली तयार केली. रमण महर्षींच्या पायाशी तो बसला. आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्याने इंग्रजीत उतरवली. ते पुस्तक १९७३ साली निघाले आणि जगभर गेले. म्हणजे वॉर्सातून निघालेला माणूस बंगळूरमार्गे आमच्या माळावर येतो काय आणि मराठीचा दुभाष्या होतो काय! आम्ही येथे पंधरा-पंधरा वर्षे काढून कानडीत भाजीचा भाव करण्यापलीकडे जात नाही. हे मी स्वतःपुरते म्हणतो. वाचकांनी मनाला लावून घेऊ नये.

फ्रिडमनचे म्हणणे साधे होते. माळावरचा माणूस खून करतो तो बहुधा बांधावरून, पाण्यावरून, भावकीतल्या जुन्या बोलण्यावरून. एका क्षणाचा राग. तो मुळात शेतकरी असतो. त्याला वीस वर्षे भिंतीकडे पाहात बसवले तर भिंतीचे काही बिघडत नाही, माणूस मात्र संपतो. मग त्याला जमीन द्या, नांगर द्या, बायकामुले जवळ आणू द्या आणि भिंत काढून टाका. १९३९ साली आटपाडीच्या माळावर अशी वसाहत उभी राहिली आणि तिला नाव दिले गेले स्वतंत्रपूर. ‘सुधारगृह’ नव्हे, ‘बंदीशाळा’ नव्हे. कैद्यांच्या गावाला स्वतंत्रपूर! नाव ठेवणाऱ्याचे मला आजही कौतुक वाटते. उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या नावाने ओळखली जाणारी खुली बंदी-शिबिरे निघाली ती १९५३ साली. म्हणजे आमचा माळ याबाबतीत चौदा वर्षे पुढे होता. एरवी तो कोणत्याही बाबतीत कोणाच्याही पुढे नसतो, म्हणून हे नमूद केले.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. राजा गेला, घटना गेली, ७२ गावे इकडेतिकडे वाटली गेली. स्वतंत्रपूर मात्र राहिले. मुंबई राज्याने ते सांभाळले आणि पुढे महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने. शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी ही कल्पना कथेत घातली, व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ केला आणि बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळाले. तो चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील सहा कैदी आणि तो जेलर आपल्याला पाठ आहेत. परंतु चित्रपटात एक गोष्ट नाही, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. त्यात कैद्यांच्या बायका नाहीत. खऱ्या स्वतंत्रपुरात घरोघरी एकेक चूल आहे आणि तिच्यापुढे फुंकणी घेऊन बसलेली बाई आहे. तिने गुन्हा केलेला नाही, तिला शिक्षा झालेली नाही. ती आपखुशीने तुरुंगात राहायला आली आहे.

या गावच्या लोकसंख्येचा विचार मी धंदेवाईक सवयीने पुष्कळ वेळा केला आहे. कोणत्याही गावात माणसे जन्मतात, वाढतात, म्हातारी होतात, आणि तळाशी लहान मुले व शेंड्याला वृद्ध असा एक मनोरा तयार होतो. स्वतंत्रपुराचा मनोरा कसा काढावा? तेथे आजा नाही, आजी नाही, भावकी नाही, कोणाची पिढीजात विहीर नाही, म्हणून तिच्यावरून भांडणही नाही. येथे राहणारा प्रत्येक पुरुष दुसरीकडून पाठवलेला आहे. मंजूर संख्या २८ बंद्यांची. एवढे २८ आणि त्यांची बायकामुले, की गाव भरले. म्हणजे लोकसंख्या आधी ठरली आणि माणसे मागून आली. आमच्या सरकारी वसाहतींत याहून निराळे काय असते? ‘मंजूर पदे’ हा शब्द वाचताना मला हल्ली थोडे हसू येते.

आणि एक गोष्ट तर अगदीच उलटी. माळावरच्या प्रत्येक गावात कोणी घर सोडून निघाले की म्हातारी माणसे डोळ्यांना पदर लावतात. घराला कुलूप लागते, अंगणात गवत वाढते, गाव एका चुलीने कमी होते. स्वतंत्रपूर हे त्या साऱ्या टापूतील एकच गाव, जेथे कुटुंब गाडीत बोचकी टाकून निघाले की ती आनंदाची वार्ता असते. शिक्षा संपली! तेथे लोकसंख्या घटणे हेच गावाचे यश.

हे सारे मी आज लिहितो आहे. लहानपणी मला यातील काहीही ठाऊक नव्हते. तेव्हा मला एवढेच ठाऊक होते की ‘तिकडची’ मुले आमच्या शाळेत येतात आणि त्यांच्या डब्यातले खायचे नाही. आईने बजावले होते, “त्यांच्यात खायचं न्हाई, ध्यानात ठेव.” का, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी पाचवीत असताना त्यांपैकी एक मुलगा माझ्या बाकावर बसे. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. तो मूळचा पूर्वेकडचा, कापूस पिकणाऱ्या मुलखातला. त्याच्या बोलण्यातले हेल आमच्याहून निराळे होते. परंतु वर्षभरात तो आमच्यासारखे बोलू लागला. गणितात तो माझ्या फार पुढे होता. डब्यात बहुधा वसाहतीच्या शेतातली वांगी असत, आणि आईचा हुकूम मोडून ती मी कितीतरी वेळा खाल्ली. ती आमच्या वांग्यांसारखीच लागत. एकदा मी त्याला विचारले, तुमच्या गावात काय काय असते? तो म्हणाला, “सगळं असतंय. पर आमच्यात रोज सांजंला मोजत्यात.”

“काय मोजत्यात?”

“मानसं.”

मी पोट धरून हसलो. माणसे काय मेंढरे आहेत रोज मोजायला? तोही हसला, पण थोडा उशिराने.

त्याच वर्षी माझी नवी कंपासपेटी हरवली. मामाने पंढरपूरहून आणलेली, झाकणावर मोर असलेली. मला आठवते, वर्गात सगळे शोधत होते, कोणीच काही म्हणत नव्हते, आणि मीच उभा राहून म्हणालो, “ह्याचं दप्तर बघा, गुरुजी. ह्येचा बा कैदी हाय.” गुरुजींनी मला दटावले, पण दप्तर उघडलेही. वह्या, पाटी, डबा, एक भोवरा. पेटी नव्हती. त्याने एकेक वस्तू पुन्हा आत ठेवली. भोवरा शेवटी ठेवला. तो रडला नाही. मला वाटते, तपासणी ही गोष्ट त्याला नवी नसावी. नवे होते ते तपासायला सांगणारा मी असणे.

संध्याकाळी घरी पेटी सापडली. देवळीत, आजोबांच्या चंचीमागे, मीच ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी मी ती शाळेत नेली नाही. पुढे महिनाभर नेली नाही. तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसू लागला. माझ्याशी बोलणे त्याने टाकले असे नाही, विचारले तर उत्तर देई. मी मनाशी रोज ठरवी की आज सांगायचे, आणि रोज घंटा होई. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. त्याच्या वडिलांची सुटका झाली होती. गुरुजींनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे तांबड्या शाईने ‘नाव कमी केले’ असे लिहिले. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. सुटका आम्हा दोघांचीही झाली, असे म्हणता आले असते. पण त्याची झाली तशी माझी झाली नाही, हे पुढे हळूहळू ध्यानात आले.

लोकांना वाटते की जनगणनेच्या कचेरीत असलेल्या माणसाला कोणाचाही पत्ता काढता येत असेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १९४८च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम व्यक्तीने दिलेली माहिती कोणालाही पाहू देत नाही. कोर्टात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. कलम चांगले आहे, आणि ते चांगले आहे हे मी कित्येक नागरिकांना पत्रांतून समजावून सांगितले आहे. आमच्या हाती येतात ते आकडे. माणूस एकदा आकड्यात शिरला की त्याचे नाव उरत नाही. आणि तो मुलगा, आता माझ्याच वयाचा, मुलाबाळांचा बाप झालेला, कोठल्या तरी तालुक्याच्या बेरजेत एक म्हणून उभा असेल. कदाचित ‘शेतकरी’ या रकान्यात, कदाचित ‘इतर कामगार’. त्याच्या बालपणाच्या गावाचे नाव विचारणारा रकाना आमच्याकडे आहे. मागील राहण्याचे ठिकाण, आणि तेथून निघण्याचे कारण. कारणांच्या यादीत नोकरी आहे, व्यवसाय आहे, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर स्थलांतर, आणि शेवटी ‘इतर’. तो काय सांगत असेल? स्वतंत्रपूर हे नाव उच्चारीत असेल की गाळीत असेल?

देशाची गणना २०११नंतर २०२१ साली व्हायची होती. साथीमुळे ती लांबली, आणि आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरला आहे. सोळा वर्षांचे अंतर. आमच्या कचेरीत त्याविषयी बोलणे निघते तेव्हा मला त्या मुलाचे वाक्य आठवल्याशिवाय राहत नाही. अवघा देश सोळा वर्षांनी मोजला जातो आणि ते गाव रोज संध्याकाळी!

गेल्या दिवाळीच्या रजेत मी गावी गेलो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मिरज, तेथून एस.टी. टेंभू योजनेचे पाणी आता आटपाडीपर्यंत आले आहे. १९९३ सालापासून नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा भरवून जे मागितले ते पुष्कळ उशिरा का होईना, उतरले. जेथे कुसळ होते तेथे डाळिंबांच्या बागा दिसतात. पत्नी व मुलगी बरोबर होत्या. चार दिवस आम्ही तिघे एका चुलीवर जेवलो. व्याख्येचा प्रश्न चार दिवसांपुरता मिटला. स्वतंत्रपुरातला बंदी तीनशे पासष्ट दिवस असा जेवतो, हा विचार मनात आला तेव्हा मी तो बोलून दाखवला नाही. पत्नीला तो थट्टेचा वाटला नसता.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच स्वतंत्रपुराकडे गेलो. पंचवीस वर्षांत त्या रस्त्याने मी गेलो नव्हतो. लहानपणी भीती म्हणून, पुढे दुसऱ्या कारणाने. दिवस कलत होता. रस्त्यावर उभे राहिले की शेते दिसत होती, त्यापलीकडे घरे. धूर सरळ वर जात होता. मोजण्याची सवय वाईट. धुराच्या रेघा मी मोजू लागलो आणि मध्येच थांबलो.

डोक्यावर टोपले घेऊन एक बाई शेताकडून येत होती. तिशीची असेल. मागे एक मुलगा काठीने धुळीत रेघ ओढीत चालला होता. मला तेथे उभा पाहून ती थांबली.

“कुणाकडं आलायसा, दादा?”

प्रश्न सरळ होता. तेथे येणारा परका माणूस कोणाचा तरी भाऊ, मेव्हणा, चुलता असणार, असे तिने धरले होते. पंचवीस वर्षांपूर्वीचे एक नाव माझ्या ओठांशी आले. ते सांगून काय उपयोग होता? तो तेथे नाही, त्याचे वडील नाहीत, त्याच्या वेळचे कोणीही नाही. त्या गावात जुने कोणी नसतेच.

“कोणाकडं न्हाई,” मी म्हणालो, “आटपाडीकडं निघालोय.”

तिने हात लांब करून वाट दाखवली. ती वाट मला जन्मापासून ठाऊक होती, तरी मी मान हलवून नीट ऐकून घेतले. तेवढ्यात आत कोठे तरी शिट्टी झाली. “चल रं, हजेरी झाली,” असे पोराला म्हणत ती लगबगीने पुढे गेली. मुलगा मात्र आपली रेघ पूर्ण होईपर्यंत थांबला, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मग आईच्या मागे धावला.